पायवाट वेशीपार गेली, बस वेशीवर थांबली

डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचे जन्मगाव म्हणून अमेरिकेतील अटलांटा शहराचे नाव आपल्या घराघरांत ठाऊक आहे. डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस हे थोर कृष्णवर्णीय विद्वानही याच शहरातील विद्यापीठात दोन खेपांना मिळून वीसहून अधिक वर्षे शिकवीत होते. १९४६ साली बाबासाहेबांनी त्यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे गेलेल्या अर्जाची प्रत मागविली होती. तेव्हा द्यू बॉइस अटलांटा सोडून न्यूयॉर्कला गेले होते. पण त्यांच्या उमेदीचा मोठा काळ गेला तो याच गावात. अशा या गावाबद्दल आम्ही आज लिहीत आहोत, ते मात्र सभा-मोर्चांविषयी नव्हे. बस, रेल्वे, बागा आणि पायी चालण्याच्या वाटा यांविषयी लिहीत आहोत.

हा कसला विषय, असे कुणी म्हणेल. पहाटेच्या अंधारात डबा घेऊन निघणाऱ्या आणि दोन गाड्या बदलून कामावर पोचणाऱ्या आमच्या वाचकांना तसे वाटणार नाही, अशी आमची खात्री आहे. माणसाला काम कोठे मिळेल, दवाखाना किती लांब पडेल, मुलगी कोणत्या कॉलेजात जाईल, सुटीच्या दिवशी बायकामुलांना घेऊन झाडाखाली बसता येईल की नाही, हे सारे बसचा थांबा कोठे आहे यावर ठरते. आणि थांबा कोठे असावा हे ठरविणारी माणसे बहुधा बसने प्रवास करीत नाहीत.

काउंटी नावाचा कारभार

अटलांटा हे जॉर्जिया राज्याचे राजधानीचे शहर. या एका राज्यात १५९ काउंट्या आहेत. काउंटी म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखा भाग, पण आपल्या जिल्ह्याहून पुष्कळ लहान आणि अधिकाराने मोठा. तिचे स्वतःचे निवडून आलेले मंडळ असते, ती स्वतःचे कर बसविते, रस्ते, बागा, पोलीस सांभाळते. अटलांटा शहराचा बहुतेक भाग फुल्टन काउंटीत आणि थोडा डिकाल्ब काउंटीत आहे. वायव्येला कॉब, ईशान्येला ग्विनेट आणि दक्षिणेला क्लेटन. मुलांनी घरातील नकाशाचे पुस्तक उघडून बसावे, म्हणजे पुढचे सारे नीट समजेल.

शहर वाढत वाढत या पाचही काउंट्यांत पसरले, आणि त्यापलीकडेही गेले. माणूस एका काउंटीत राहतो, दुसरीत काम करतो, तिसरीत बाजार करतो. चॅटाहुची नदी तर कुणाचीच हद्द मानीत नाही. तेव्हा या मंडळांनी एकत्र बसूनच रस्ते, बस, बागा यांचा विचार केला पाहिजे हे शेंबडे पोरही सांगेल. कायदाही तेच सांगतो. १९६२ साली अमेरिकेच्या केंद्र सरकारने असा नियम केला की, पन्नास हजारांहून अधिक वस्तीच्या नागरी भागाला रस्त्यांसाठी केंद्राचा पैसा हवा असेल, तर तेथील स्थानिक संस्थांनी आणि राज्याने मिळून वाहतुकीची योजना केली पाहिजे. अटलांटात अशी एकत्र योजना करणारी संस्था १९४७ पासूनच होती. १९७१ मध्ये तिला आजचे रूप आले, 'अटलांटा रीजनल कमिशन' असे. काउंट्यांचे अध्यक्ष, महापौर आणि काही नागरिक तेथे एका टेबलाभोवती बसतात. नकाशे निघतात, अहवाल निघतात. ते वाचले तर कुणाच्याही मनात शंका येऊ नये इतके ते समजूतदार असतात. परंतु बससाठी कर बसवावयाचा तर त्या त्या काउंटीतील मतदारांचा कौल घ्यावा लागतो. खरी गोष्ट तेथून सुरू होते.

रस्ता तोच, नावे दोन

त्या काळचे अटलांटाचे पुढारी सांगत की, आमचे शहर कामात इतके गुंतलेले आहे की द्वेष करायला त्याला सवड नाही. परंतु १९६२ च्या डिसेंबरात खुद्द शहराच्या कारभाऱ्यांनीच पेटन रोड नावाच्या रस्त्यावर अडसर उभे केले. का, तर कृष्णवर्णीय कुटुंबे पलीकडच्या गोऱ्या वस्तीत घरे घेऊ लागतील ही भीती. लोकांनी त्या अडसरांना बर्लिनच्या भिंतीची उपमा दिली. १९६३ च्या मार्चमध्ये न्यायालयाने ते बेकायदा ठरविले तेव्हा कोठे रस्ता मोकळा झाला.

आणखी एक खूण आजही दिसते. पॉन्स द लिऑन नावाचा मोठा रस्ता ओलांडला की आडव्या रस्त्यांची नावे बदलतात. दक्षिणेला जो बुलेव्हार्ड, तोच उत्तरेला मनरो ड्राइव्ह. दक्षिणेला जो मोरलंड, तोच उत्तरेला ब्रायरक्लिफ. डांबर तेच, पण कृष्णवर्णीयांच्या पत्त्यावरचे नाव आपल्या पत्त्यावर नको! गावकुसाबाहेरच्या वस्तीला वेगळे नाव का असते हे ज्यांना जन्मापासून ठाऊक आहे, त्या आमच्या वाचकांना यावर अधिक सांगायला नको.

बसमध्ये पुढची बाके गोऱ्यांची होती. १९५७ च्या जानेवारीत रेव्हरंड विल्यम होम्स बॉर्डर्स आणि त्यांचे सहकारी धर्मोपदेशक त्या बाकांवर जाऊन बसले आणि अटक झाले. १९५९ मध्ये न्यायालयाने ती वेगळी बाके रद्द केली. शहराच्या मालकीच्या गोल्फ मैदानांसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, ते १९५५ मध्ये. पोहण्याचे सार्वजनिक तलाव खुले व्हायला १९६३ उजाडले. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला होता, आणि त्या पाण्याला हात लावायला १९२७ साल आणि बाबासाहेबांचा सत्याग्रह लागला. सार्वजनिक बाग, सार्वजनिक तळे, सार्वजनिक गाडी यातील 'सार्वजनिक' हा शब्द किती महाग असतो हे आपण जाणतोच.

बाके एक झाली, शाळा एक होऊ लागल्या, तसे अटलांटातील गोरे लोक शहर सोडून बाहेरच्या काउंट्यांत राहावयास जाऊ लागले. कामासाठी मोटारीने शहरात यायचे आणि संध्याकाळी परत जायचे. मागे शहरात राहिली ती बहुतांशी कृष्णवर्णीय आणि गरीब कुटुंबे, ज्यांच्याकडे मोटार नव्हती. पुढे कारखाने, दुकाने, कचेऱ्याही बाहेर गेल्या. म्हणजे माणसे एकीकडे आणि काम दुसरीकडे!

शेकडा एक सेंट

१९६५ मध्ये राज्याच्या कायद्याने 'मार्टा' ही वाहतूक संस्था निघाली. पाचही काउंट्यांत बस आणि रेल्वे न्यावी अशी मूळ कल्पना. प्रत्येक काउंटीने मतदान करून सामील व्हायचे होते. कॉबने पहिल्याच मतदानात नकार दिला. उरलेल्या चौघींनी होकार दिला. पण तो केवळ संस्थेला, पैशाला नव्हे.

पैशासाठीचे मतदान १९६८ मध्ये झाले आणि ते पडले. ते कुणी पाडले? गोऱ्या मतदारांना घरपट्टीवरचा बोजा नको होता हे खरे. परंतु कृष्णवर्णीय मतदारही विरोधात गेले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. योजना आखताना त्यांच्या वस्त्यांत कुणी विचारावयास आले नव्हते. रेल्वेच्या रेघा ओढल्या होत्या त्या मुख्यतः गोऱ्या उपनगरांतून शहराच्या मध्यभागी येणाऱ्यांच्या सोयीने. कर आमच्याकडून आणि गाडी दुसऱ्याच्या दारात, हे त्यांनी मानले नाही. विकासाच्या कामाला विरोध करतात म्हणून त्यांना नावे ठेवणारे तेव्हाही होते. आमच्या मते त्यांनी केले ते योग्यच केले. कारण त्या नकारानंतरच बोलणी सुरू झाली.

महापौर सॅम मॅसेल यांच्या काळात नवी योजना आली. घरपट्टीऐवजी विक्रीकर, डॉलरमागे एक सेंट. विक्रीकर हा गरिबाला अधिक जाचतो. श्रीमंताच्या मिळकतीतला थोडाच भाग बाजारात जातो, गरिबाची सारीच मजुरी किराणा-कापडात जाते. म्हणून कृष्णवर्णीय पुढाऱ्यांनी त्याची भरपाई मागून घेतली. बसचे तिकीट चाळीस सेंट होते, ते पंधरा सेंटवर आणायचे आणि सात वर्षे तेवढेच ठेवायचे. शिवाय पश्चिमेकडील पेरी होम्स या गरीब कृष्णवर्णीयांच्या सरकारी वसाहतीपर्यंत रेल्वेची शाखा न्यायची. महापौर स्वतः बसमध्ये चढून उतारूंना हा हिशेब समजावून सांगत हिंडले.

१९७१ च्या नोव्हेंबरात कौल लागला. डिकाल्ब आणि फुल्टन बाजूने; त्यातही फुल्टनमध्ये अवघ्या काहीशे मतांनी. क्लेटन आणि ग्विनेट विरोधात. अशा रीतीने पाच काउंट्यांची कल्पना दोघींवर आली. विरोधाचे कारण कर, असे बाहेर बोलले जाई. घरात काय बोलले जाई तेही लपून राहिलेले नाही: गाडी आली की मागोमाग कृष्णवर्णीय येतील. मार्टा या नावाच्या आद्याक्षरांवरून गोऱ्या वस्त्यांत वर्षानुवर्षे एक ओंगळ विनोद चालत असे. तो कुटुंबाच्या पानावर छापण्याच्या लायकीचा नाही.

मार्टाने १९७२ मध्ये जुनी बस कंपनी विकत घेतली, तिकीट पंधरा सेंटवर आले आणि वचन पाळले गेले. १९७९ च्या जूनमध्ये पहिली रेल्वे धावली. आज तिची ३८ स्थानके आहेत आणि लांबी सुमारे ७७ किलोमीटर. एवढ्या मोठ्या संस्थेला राज्य सरकारने चालू खर्चासाठी नियमित पैसा असा दिलाच नाही. सारा भार त्या दोन काउंट्यांच्या एक सेंटवर. वर राज्याने अशी अट घातली होती की, कराचा निम्मा पैसा बांधकामावर आणि निम्माच गाड्या चालविण्यावर खर्चावा. त्यामुळे तंगीच्या वर्षी एका खिशात पैसा असून दुसऱ्या खिशासाठी फेऱ्या बंद कराव्या लागत. ही अट २०१५ मध्ये निघाली.

वाटेला कुणी नाही म्हणाले नाही

आता दुसरी बाजू पाहू. ज्या कॉब काउंटीने १९६५ मध्ये मार्टाला नकार दिला, तिच्याच हद्दीतून 'सिल्व्हर कॉमेट' नावाची एक सुंदर पायवाट सुरू होते. या नावाची एक प्रवासी गाडी १९४७ पासून १९६९ पर्यंत न्यूयॉर्कहून अटलांटामार्गे बर्मिंगहॅमला जात असे. गाडी बंद पडली, पुढे रूळही उखडले गेले. मोकळी झालेली ती पट्टी राज्याने विकत घेतली आणि त्यावर चालणाऱ्यांसाठी व सायकलस्वारांसाठी फरसबंद वाट केली. कॉब, पॉल्डिंग आणि पोक अशा तीन काउंट्यांतून ती जाते, जुन्या बोगद्यातून आणि उंच पुलावरून. लांबी ६१ मैलांहून थोडी अधिक, म्हणजे जवळजवळ ९९ किलोमीटर. पुढे अलाबामा राज्याच्या हद्दीवर ती तेथील 'चीफ लडीगा' वाटेला जोडली गेली आहे. दोन्ही मिळून सुमारे दीडशे किलोमीटर. दोन राज्ये, अनेक काउंट्या, कितीतरी गावे. पण वाटेच्या आड कुणाची हद्द आली नाही.

नदीचेही तसेच. चॅटाहुचीचे पाणी साऱ्या शहराला प्यावयास लागते. १९७३ मध्ये राज्याने कायदा करून नदीच्या दोन्ही काठांचा दोन-दोन हजार फुटांचा पट्टा राखीव नियमांखाली आणला आणि त्यातील बांधकामे तपासण्याचे काम अटलांटा रीजनल कमिशनकडे दिले. २०२० मध्ये नदीकाठाने शंभर मैलांचा बागा आणि वाटांचा पट्टा करण्याची योजना प्रसिद्ध झाली. तिच्या वाटेत ७ काउंट्या आणि १९ शहरे येतात. ती तयार करण्यासाठी कोण कोण एकत्र आले? कमिशन, एक खाजगी विश्वस्त संस्था, अटलांटा शहर, आणि हो, कॉब काउंटी!

दुसऱ्या एका वाटेचे नाव मुद्दाम सांगतो. अटलांटाच्या मध्यातून, डॉ. किंग यांच्या घराच्या जवळून निघून एक सायकलवाट पूर्वेला स्टोन माउंटनपर्यंत जाते. स्टोन माउंटन म्हणजे तो डोंगर, जेथे १९१५ मध्ये कु क्लक्स क्लान ही गोऱ्यांची दहशती संघटना पुन्हा उभी राहिली. आज त्या दोन जागांना जोडणारी वाट आहे आणि तिच्यावरून सगळ्या रंगांची मुले सायकली पिटाळीत जातात. हे चांगले झाले असे आम्ही मोकळ्या मनाने म्हणतो.

मग बसला नकार आणि पायवाटेला होकार, असे का? आम्हास कारणे साधी दिसतात. पायवाटेला खर्च थोडा, आणि तो बराचसा केंद्राकडून, राज्याकडून व देणगीदारांकडून येतो. नव्या करासाठी मतदान घ्यावे लागत नाही. वाटेमुळे शेजारच्या घरांची किंमत वाढते. आणि वाटेवर येणारा माणूस बहुधा मोटारीच्या मागे सायकल बांधून येतो, दोन तास हिंडतो आणि परत जातो. बसने येणारा माणूस मात्र काम मागतो, खोली भाड्याने घेतो, मुलाला शाळेत घालतो. तो राहतो! ज्याला पाहुणा म्हणून चालतो तो शेजारी म्हणून चालत नाही, हे दुखणे काही एकट्या जॉर्जियाचे नाही.

न्यायासाठी हेही सांगितले पाहिजे की, कॉबने १९८९ मध्ये आणि ग्विनेटने २००१ मध्ये आपापल्या छोट्या बससेवा काढल्या आणि त्या मार्टाच्या स्थानकांना जोडल्या. २००६ पासून आलेले मार्टाचे कार्ड या सेवांतही चालू लागले. परंतु मार्ग थोडे आणि गाड्या विरळ. २०१० मध्ये कॉबमधील एक आई आपल्या लेकरांना घेऊन बसने घरी येत होती. आधीची बस चुकली म्हणून तासाहून अधिक वेळ थांबावे लागले होते. उतरण्याचा थांबा घरासमोरच, पण मध्ये अनेक पदरी हमरस्ता, आणि ओलांडण्याची खूण असलेली जागा सुमारे अर्धा किलोमीटर लांब. अंधारात रस्ता ओलांडताना एका मोटारीने तिच्या चार वर्षांच्या मुलाचा बळी घेतला. खटला भरला गेला तो त्या आईवरही, आणि पंचांनी तिला दोषी धरले! देशभर संताप झाला, तेव्हा तुरुंगवास टळला. त्या थांब्याजवळ ओलांडण्याची जागा का नव्हती, याबद्दल पिंजऱ्यात कुणी उभे राहिले नाही. त्याच काउंटीत सायकलवाटेचे नकाशे किती बारकाईने आखलेले होते ते वर आलेच आहे.

क्लेटनची पाच वर्षे

१९७१ मध्ये क्लेटन ही बहुतांशी गोऱ्यांची काउंटी होती. चाळीस वर्षांत चित्र पालटले. २०१० च्या जनगणनेत तेथील दोन तृतीयांश लोक कृष्णवर्णीय होते. शहरातील भाडी परवडेनात म्हणून कष्टकरी कुटुंबे दक्षिणेकडे सरकली होती. जगातील अत्यंत गजबजलेल्या विमानतळांपैकी एक असलेल्या अटलांटाच्या विमानतळाचा मोठा भाग याच काउंटीत येतो. तेथे सामान उचलणारे, झाडलोट करणारे, खानावळीत राबणारे हजारो हात लागतात.

क्लेटनने २००१ मध्ये 'सी-ट्रॅन' नावाची स्वतःची बससेवा सुरू केली होती. दररोज आठ हजारांहून अधिक फेऱ्या उतारूंच्या होत. मंदीच्या काळात काउंटीच्या तिजोरीत खड्डा पडला आणि मंडळाने काटकसर म्हणून काय बंद केले? ३१ मार्च २०१० रोजी सगळीच बससेवा. एका मार्गाच्या फेऱ्या कमी केल्या असे नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी अख्ख्या काउंटीत एकही सार्वजनिक बस उरली नाही.

आमच्या भगिनींनी क्षणभर डोळ्यांसमोर आणावे. कालपर्यंत ज्या बसने कामावर जात होतो ती आज नाही, उद्याही नाही, केव्हाही नाही. रिक्षा नावाची चीज तेथे नाही. पायी जावे तर अनेक रस्त्यांना फुटपाथच नाही. कुणी शेजाऱ्याच्या मोटारीत पैसे भरून गेले, कुणी मैलोगणती चालत गेले, कुणाची नोकरी गेली, कुणी घरच बदलले. कॉलेजच्या मुलांचे वर्ग सुटले. आणि हे सारे अशा ठिकाणी, जेथून मार्टाचे विमानतळ स्थानक हाकेच्या अंतरावर आहे. ते स्थानक १९८८ पासून चालू आहे. वेशीच्या पलीकडे गाडी धावताना दिसते, अलीकडे बस नाही.

लोक स्वस्थ बसले नाहीत. चर्चमधून, कामगार संघटनांतून, कॉलेजांतून सह्या जमल्या, सभा झाल्या. त्याच वर्षी नुसता कल पाहण्यासाठी घेतलेल्या मतदानात मोठ्या बहुमताने मार्टात जाण्याचा कौल पडला. पण त्याला कायद्याचे बळ नव्हते. अखेर ४ नोव्हेंबर २०१४ रोजी खरे मतदान झाले. प्रश्न तोच, १९७१ चा: बस हवी असेल तर डॉलरमागे एक सेंट जादा विक्रीकर द्याल का? गरीब माणसांच्या त्या काउंटीने सुमारे चारांत तीन मतांनी होय म्हटले. २१ मार्च २०१५ रोजी मार्टाच्या बसगाड्या क्लेटनमध्ये धावू लागल्या. १९७१ नंतर मार्टात नव्याने सामील झालेली ही पहिली काउंटी.

श्रीमंत काउंट्यांना जो एक सेंट जड वाटला तो या लोकांनी आपणहून दिला. त्यातील अर्धा सेंट पुढे रेल्वेसारखी मोठी सोय करण्यासाठी राखून ठेवायचा होता. तो राखला गेला, वर्षे गेली, आणि २०२३ मध्ये मार्टाने रेल्वेचा विचार सोडून त्याऐवजी वेगळ्या मार्गिकेवरून धावणारी जलद बस करण्याचे ठरविले. काउंटीतील अनेकांना हा शब्द फिरविल्यासारखा वाटला, आणि त्यांचे चुकले असे आम्हास म्हणवत नाही.

एकवीस सह्या

मध्यंतरी २०१२ मध्ये एक मोठा प्रयत्न झाला होता. दहा काउंट्यांचे आणि त्यांतील शहरांचे मिळून २१ निवडून आलेले प्रतिनिधी वर्षभर बसले आणि १५७ कामांची यादी एकमताने मंजूर केली. रस्ते, पूल, बस, रेल्वे, सारे काही. दहा वर्षे एक सेंट कर. एकवीस पुढाऱ्यांची एकी झाली, पण जनतेच्या मतदानात शंभरातले ६३ विरोधात गेले. बाहेरच्या काउंट्यांचा कराला विरोध हे जुनेच. परंतु दक्षिण डिकाल्बमधील कृष्णवर्णीयांच्या संघटनेनेही विरोध केला. तेथील लोक १९७१ च्या मतदानापासून एक सेंट भरीत आले होते आणि चाळीस वर्षांत त्यांच्या भागात रेल्वे आली नव्हती. नव्या यादीतही ती नव्हती. त्यानंतर ग्विनेटने २०१९ मध्ये नकार दिला, २०२० मध्ये अगदी थोड्या मतांनी दिला, २०२४ मध्ये पुन्हा दिला. कॉबनेही २०२४ मध्ये नकारच दिला. त्या काउंट्यांची वस्ती आता पूर्वीसारखी गोऱ्यांचीच राहिलेली नाही, म्हणून सारा दोष वर्णद्वेषावर टाकता येणार नाही. मोटारीची सवय आणि सरकारी वचनावरचा अविश्वास यांचाही त्यात वाटा आहे.

वळशाची वाट

शहराच्या आतही एक सहकार्याचा प्रयोग झाला. रायन ग्रॅव्हेल या विद्यार्थ्याने १९९९ मध्ये आपल्या प्रबंधात अशी कल्पना मांडली की, शहराभोवतीच्या जुन्या मालगाड्यांच्या मार्गांचा २२ मैलांचा वळसा जोडून त्यावर ट्राम चालवावी. त्याने ४५ वस्त्या जोडल्या जातील, गोऱ्यांच्या आणि कृष्णवर्णीयांच्याही. हीच ती 'बेल्टलाइन'. २००५ मध्ये अटलांटा शहर, फुल्टन काउंटी आणि शहराचे शाळा मंडळ या तीन संस्थांनी करार केला: या पट्ट्यात पुढील पंचवीस वर्षांत घरपट्टीची जी वाढ होईल ती बेल्टलाइनला द्यायची. शाळा मंडळानेही आपल्या वाट्याचा पैसा सोडला, त्याबदली ठरावीक हप्ते मिळायचे होते. मंदी आली, हप्ते थकले, तंटा झाला आणि तो मिटायला २०१६ उजाडले. मुलांच्या शाळेचा पैसा बागेसाठी सोडायचा असेल तर परतफेडीचा कागद पक्का हवा, एवढे तरी यातून दिसते.

वाट मात्र देखणी झाली. २०१२ मध्ये पूर्वेचा तुकडा खुला झाला. पुराचे पाणी साठविणारे तळे असलेली एक बाग झाली. पश्चिमेला जुन्या दगडखाणीच्या जागी २८० एकरांची बाग २०२१ मध्ये उघडली. माणसे हजारोंनी येतात. त्याचबरोबर वाटेच्या दोन्ही अंगांना उंची घरे उठली, भाडी चढली, आणि पिढ्यान् पिढ्या तेथे राहिलेली कृष्णवर्णीय कुटुंबे दूर जाऊ लागली. २०३० पर्यंत परवडणारी ५,६०० घरे बांधण्याचे ठरले होते. त्याची चाल इतकी मंद होती की २०१६ मध्ये खुद्द ग्रॅव्हेल यांनी या प्रकल्पाच्या सहाय्यक संस्थेच्या मंडळाचा राजीनामा दिला. त्यानंतर घरांच्या कामाला वेग आला. गेलेली कुटुंबे मात्र गेलीच. आणि ट्राम? मूळ कल्पनाच तिची होती. वाट झाली, बागा झाल्या, ट्राम झाली नाही. २०२५ मध्ये महापौरांनी पूर्वेकडील तुकड्यावर ती नेण्याच्या योजनेचा पाठिंबाही काढून घेतला.

आता पेरी होम्सचे सांगावयाचे राहिले. १९७१ मध्ये ज्या वसाहतीच्या नावाने मते मागितली, तिच्या दिशेने रेल्वेची शाखा निघाली खरी. १९९२ च्या डिसेंबरात बँकहेड स्थानक उघडले. त्याचा फलाट बांधला तो दोन डब्यांपुरता. त्यापुढे रूळ पडले नाहीत. पेरी होम्सची घरे त्याच दशकाच्या अखेरीस पाडली गेली आणि तेथील माणसे पांगली. २०१८ मध्ये बँकहेड स्थानकापासून प्रॉक्टर ओढ्याच्या काठाने सुमारे पाच किलोमीटरची नवी वाट खुली झाली, चालण्यासाठी आणि सायकलींसाठी. मार्टाची ती गाडी अजूनही बँकहेडलाच थांबते आणि तेथूनच मागे फिरते.